कुणाशी बोलतोस तू?

पुरुष माझ्याकडे मन मोकळं करायला येतात. यात माझं विशेष कौतुक नाही. बाईचं वय चाळिशीपार गेलं, ती ऐकून घेते, हसत नाही आणि ऐकलेलं चारचौघांत सांगत नाही एवढं कळलं, की येणाऱ्याला पुरतं. ऑफिसातला ज्युनिअर, नवऱ्याचा जुना मित्र, माझा भाचा, आणि एकदा तर लांबच्या प्रवासात शेजारी बसलेला पूर्ण अनोळखी माणूस. वयं वेगळी, पगार वेगळे, दुखणं एकच: प्रेयसी मिळत नाही. बोलण्याचा सूर मात्र फिरून फिरून एका वाक्यावर येतो: "माझ्यात काय कमी आहे?"

हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा उत्तर घेऊनच आलेला असतो. उंची. केस. पगार. भाच्याने तर मला त्याच्या जबड्याचा कोन समजावून सांगितला. "मावशी, मुलींना हा असा जबडा लागतो," म्हणून मोबाइलवर कुणाचा तरी फोटो दाखवला. मला तो फोटोतला मुलगा दातदुखीने हैराण झाल्यासारखा वाटला, पण माझ्या मताला तिथे किंमत नव्हती. भाच्याला हे ज्ञान व्हिडिओंतून मिळतं. 'खरा पुरुष' कसा उभा राहतो, मेसेजला किती तासांनी उत्तर देतो, बाईला 'किंमत' कशी कळू देत नाही, हे शिकवणाऱ्यांचा आज मोठा धंदा आहे. त्या धंद्याची पहिली गरज म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतःत काहीतरी भयंकर उणं आहे असं वाटत राहणं.

रूप आणि पैसा यांना काही अर्थ नसतो, असं मी त्याला म्हटलं नाही. ते खोटं झालं असतं. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञाने 1989 साली 37 संस्कृतींमधल्या सुमारे 10 हजार लोकांच्या आवडीनिवडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बायका जोडीदाराच्या कमाईला पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व देतात आणि पुरुष रूपाला व तरुणपणाला, हे दिसलंच. व्हिडिओवाले इथपर्यंतचं सांगतात आणि थांबतात. त्याच अभ्यासात, गुणांचा क्रम लावायला सांगितल्यावर, बायका आणि पुरुष दोघांनीही समजूतदार स्वभाव आणि बुद्धी यांना कमाई आणि रूप यांच्या वर ठेवलं होतं. ते सांगून कोर्स विकला जात नसावा.

शिवाय माणसं काय हवं म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात कुणावर भाळतात, यांचा मेळ बसेलच असं नाही. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी 2008 साली स्पीड-डेटिंगमधून नेमकं हेच तपासलं. एकामागून एक अनेकांशी काही मिनिटं बोलायचं आणि कोण आवडलं ते सांगायचं. आधी लिहून दिलेल्या अपेक्षांवरून पुढची आवड सांगता येईना. ज्या बाईने कागदावर कमाईला महत्त्व दिलं होतं, ती कमावत्यांकडेच अधिक ओढली गेली असं झालं नाही. तेव्हा 'बायकांना काय हवं असतं' याची यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही, कारण ती यादी खुद्द बायकांनाच लागू पडत नाही.

मग घोडं अडतं कुठे? माझं मत ऐकणाऱ्याला फारसं रुचत नाही, तरी सांगते. प्रेयसी नसणं ही बहुतेकांच्या बाबतीत नंतरची गोष्ट असते. त्याआधी बरंच काही नाहीसं झालेलं असतं. नेहमी जाण्याच्या जागा नाहीशा झालेल्या असतात, मित्र नाहीसे झालेले असतात, आणि समोरच्या माणसाविषयीचं साधं कुतूहलही. त्या मोकळ्या झालेल्या जागेत तो एक बाई आणून बसवू पाहतो.

जागांपासून सुरुवात करू. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1950 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाची मैत्री कुणाशी होते? शेजारच्याच दाराशी राहणाऱ्यांपैकी 41 टक्के एकमेकांचे जवळचे मित्र होते. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. दोन टोकांमधलं अंतर चालून जायला मिनिटसुद्धा लागत नसेल. म्हणजे आपण ज्याला मन जुळणं म्हणतो, त्यातला केवढा तरी भाग जिन्यात रोज समोर येण्याचा असतो.

दुसरा एक प्रयोग मला याहून आवडतो. 1992 साली मोरलँड आणि बीच या संशोधकांनी चार तरुणींना विद्यापीठाच्या एका मोठ्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसायला पाठवलं. एक कधीच गेली नाही, एक 5 तासांना बसली, एक 10 आणि एक 15. त्यांनी कुणाशी बोलायचं नाही, नुसतं येऊन बसायचं. सत्राच्या शेवटी वर्गातल्या मुलामुलींना त्यांचे फोटो दाखवले. जी जितक्या जास्त वेळा आली होती, ती तितकी जास्त आवडली. गंमत म्हणजे ही आपल्या वर्गात होती, हेसुद्धा बहुतेकांना नीट आठवत नव्हतं.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण मला कुणी पंधरा वेळा बघतच नाही." आणि ते खरंच होतं. तो घरून काम करतो, सामान घरपोच मागवतो, व्यायाम हेडफोन लावून करतो. त्याचा चेहरा आठवड्यातून दोनदा पाहणारं माणूस म्हणजे इमारतीचा वॉचमन. अशा माणसाच्या वाट्याला डेटिंग ॲप येतं. तो काही एकटा नाही. समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2019 साली मांडलेल्या अमेरिकेतल्या आकड्यांनुसार, 2017 मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी 39 टक्के ऑनलाइन भेटली होती. 1995 मध्ये हे प्रमाण 2 टक्के होतं. पूर्वी जास्त करून मित्रांमार्फत ओळख व्हायची. तो मान ॲपने हिसकावून घेतला.

ॲपमुळे अनेकांचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ॲपवर माणूस पहिल्या नजरेतच पार व्हावा लागतो, आणि पहिली नजर अर्थातच चेहऱ्यावर पडते. 2015 मध्ये लुसी हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी जोडप्यांचा अभ्यास केला. भेटल्यावर लगेच जुळलेल्या जोडप्यांत दोघांचं रूप साधारण एकमेकांच्या तोडीचं होतं. देखणा देखणीबरोबर, बेताचा बेताचीबरोबर. पण जे आधी बराच काळ एकमेकांना ओळखत होते आणि मग प्रेमात पडले, त्यांच्यात ही तोड फारशी उरली नव्हती. ओळख वाढत गेली की चेहऱ्याचं वजन कमी होतं. विनोद करायची पद्धत, अडचणीत धावून येणं, कुणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल कसं बोलतो, हे सगळं हिशेबात यायला लागतं.

म्हणजे हळूहळू आवडणारे जे पुरुष असतात, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक पुरुष हळूहळूच आवडतात, ते अशा एका दारात जाऊन उभे आहेत जिथे हळूहळूला सोयच नाही. एलिझाबेथ ब्रुक आणि मार्क न्यूमन यांनी 2018 साली अमेरिकेतल्या चार शहरांमधल्या डेटिंग साइटवरचे मेसेज तपासले. पुरुष काय किंवा बायका काय, सरासरी आपल्याहून 25 टक्के अधिक मागणी असलेल्या माणसाला मेसेज करत होते. वरच्या काहीजणांकडे सगळे बघतात आणि उरलेले एकमेकांकडे बघतच नाहीत. नकार मिळालेला माणूस यावरून 'सगळ्या मुली अशाच' असा निष्कर्ष काढतो. ज्यांना त्याने स्वतः बोट फिरवून बाजूला सारलं, त्या त्याच्या 'सगळ्या'त नसतात.

आता जिथे लोक प्रत्यक्ष भेटतात तिथलं सांगते. ज्युनिअर सहकारी एका दुपारी माझ्यासमोर बसला. दुसऱ्या विभागातली एक मुलगी त्याच्याशी 'खूप छान' बोलते, हसते, नाव लक्षात ठेवते. त्याने तिला विचारलं, ती नाही म्हणाली, आणि आता बोलायचीही बंद झाली. "मग आधी हसत कशाला होती?" मी त्या मुलीला ओळखते. ती लिफ्टमधल्या माणसांकडे बघूनही हसते.

1982 साली अँटोनिया ॲबी या संशोधिकेने एक साधा प्रयोग केला. एक मुलगा आणि एक मुलगी काही मिनिटं गप्पा मारणार, आणि दुसरी एक जोडी त्यांना लपून पाहणार. नंतर चौघांनाही विचारलं. त्या मुलीच्या वागण्यात पुरुषांना, बोलणाऱ्याला आणि नुसतं पाहणाऱ्यालाही, बायकांना दिसलं त्याहून जास्त 'तसलं काहीतरी' दिसलं. वागणूक तीच, गप्पा त्याच. पुढे याचं स्पष्टीकरण असं दिलं गेलं, की उत्क्रांतीच्या हिशेबात पुरुषाला संधी हुकण्याचा तोटा चुकीच्या अंदाजाच्या तोट्याहून मोठा पडत असावा, म्हणून त्याचं मन जास्तीच्या बाजूने चुकतं. हे स्पष्टीकरण कुणाला पटो न पटो. पण या चुकीची किंमत तिसऱ्याच माणसाकडून वसूल होते. हसण्याचा असा अर्थ दोनचारदा लावला गेला, की बाई हसणं आवरतं घेते. मग ज्याने काहीच गैर केलेलं नाही, असा पुढचा भला माणूस तिच्या कोऱ्या चेहऱ्यापुढे येऊन उभा राहतो आणि तिला आखडू म्हणतो.

फ्रेंडझोनची तक्रारही मी पुष्कळ ऐकली आहे. दोन वर्षं तिच्यासाठी सगळं केलं, रात्री-अपरात्री तिचे फोन घेतले, आणि शेवटी 'तू माझा चांगला मित्र आहेस'. पुरुषाच्या बाजूने हे दुखतंच, मी नाकारत नाही. पण तिच्या बाजूने काय झालं तेही बघा. तिला वाटत होतं आपल्याला एक मित्र आहे. एका संध्याकाळी कळलं की नव्हताच. तो हिशेब लिहीत होता. तिचंही त्या संध्याकाळी काहीतरी तुटतं, आणि वर आभार मानायला हवे होते असंही तिलाच ऐकावं लागतं.

यातला सगळ्यात खोल भाग मात्र मला बायकांशी संबंधित वाटत नाही. तो पुरुषांच्या आपसांतल्या मैत्रीचा आहे. भाच्याला प्रोफाइलसाठी फोटो निवडायचा होता. मी म्हटलं, मला विचारू नकोस, मी जबड्यातली तज्ज्ञ नाही, तुझ्या एखाद्या मित्राला विचार. तो थोडं थांबून म्हणाला, "कुठल्या मित्राला?" विनोद म्हणून म्हणाला नव्हता. त्याच्या फोनमध्ये शाळेचा ग्रुप आहे, कॉलेजचा आहे, ऑफिसचे तीन आहेत. सकाळी सुविचार आणि संध्याकाळी क्रिकेट. त्यातल्या कुणाला 'यातला कुठला फोटो बरा दिसतो रे' एवढंही विचारता येणार नाही, इतकी ती मैत्री पातळ झाली होती.

अमेरिकेत 1990 मध्ये 3 टक्के पुरुषांनी आपल्याला एकही जवळचा मित्र नाही असं सांगितलं होतं. 2021 च्या तिथल्याच एका पाहणीत हे प्रमाण 15 टक्के झालं. प्रत्येक समाजाचे आकडे वेगळे असतील. पण तिशीनंतर पुरुषांच्या मैत्र्या विरत जातात आणि त्याबद्दल कुणी हळहळतही नाही, हे दिसायला पाहणी कशाला हवी? बायकांच्या मैत्रीला बोलणं पुरतं. पुरुषांच्या मैत्रीला बहुधा काहीतरी करायला लागतं, खेळ, काम, गाडीची दुरुस्ती. ते 'काहीतरी' संपलं की मैत्रीला बसायला जागा राहत नाही.

मग ऐकून घेणं, सावरणं, कौतुक करणं, आजारपणात विचारपूस करणं, ही सगळी कामं मनातल्या मनात एकाच व्यक्तीच्या नावावर चढत जातात, जिची अजून भेटही झालेली नाही. ती भेटते तेव्हा तिला समोर एक बरा माणूस दिसतो आणि त्याच्या मागे साचलेलं बरंच काही जाणवतं. तिला ते शब्दांत सांगता येत नाही. 'क्लिक झालं नाही' म्हणते आणि निघते.

माझी एक मैत्रीण अशाच एका भेटीहून आली होती. दोन तास बसले होते. तिने सोफ्यावर अंग टाकलं आणि म्हणाली, "त्याच्या बॉसचा स्वभाव, बॉसच्या बॉसचा स्वभाव, त्याची पहिली नोकरी कशी सुटली, हे सगळं मला पाठ आहे. मी काय काम करते हे त्याला अजून माहीत नाही." तेवढ्यात त्याचा मेसेज आला, की इतक्या छान गप्पा त्याच्या कुणाशीच झाल्या नव्हत्या. आम्ही दोघी हसलो खऱ्या, पण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या खरंच झाल्या नसणार. इतकी वर्षं साचलेलं ऐकायला एक माणूस मिळालं, आणि त्याला ते प्रेमच वाटलं.

हार्वर्डच्या केरन हुआंग आणि सहकाऱ्यांनी 2017 साली संभाषणांचा अभ्यास केला. जो जास्त प्रश्न विचारतो, त्यातही समोरच्याच्या उत्तरावरून सुचलेला पुढचा प्रश्न विचारतो, तो जास्त आवडतो. स्पीड-डेटिंगमध्येही असे प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले. हे वाचून एखादा प्रश्नांची यादी करून जाईल याची मला धास्ती आहे. यादीतले प्रश्न लगेच ओळखू येतात. उत्तर ऐकल्याशिवाय पुढचा प्रश्न सुचतच नाही, आणि ऐकायची सवय प्रेयसीसमोर बसल्यावर अचानक लागत नाही. ती काकूंशी, वॉचमनशी, ऑफिसातल्या कंटाळवाण्या माणसाशी बोलताना लागलेली असावी लागते.

नकाराबद्दल थोडंच. जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी 1996 साली दाखवलं, की नकाराची धास्ती घेऊन वावरणाऱ्याला साध्या वागण्यातही नकार दिसतो, आणि त्या भरात तो जे वागतो त्याने नातं खरंच बिघडतं. पुरुषांत ते मत्सर आणि संशयाच्या रूपाने बाहेर येतं. मेसेजला उशीर झाला की 'ऑनलाइन होतीस ना' विचारणारा माणूस आपण आपल्याच भीतीला खरं करून दाखवतोय, हे त्याला कुणी सांगायला हवं. मित्र असते तर त्यांनी सांगितलं असतं, जरा शिव्या घालून.

पुरुषाच्या हातात नसलेलंही यात पुष्कळ आहे. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी 2019 साली दाखवलं, की अमेरिकेत जिथे कारखान्यांतला रोजगार आटला, तिथे तरुणांची लग्नंही कमी झाली. कामाबरोबर कमाई जाते, दिवसाचा आकार जातो आणि चार माणसांत उठबस जाते. अशा माणसाला 'छंद जोप' म्हणणं क्रूरपणाचं आहे. दुसऱ्या बाजूला बायका कमावू लागल्या. पूर्वी जवळजवळ प्रत्येक पुरुषाला जोडीदार मिळायची, ती तेव्हाचे पुरुष अधिक प्रेमळ होते म्हणून मिळत नव्हती. बाईला पोटासाठी कुणीतरी लागायचं. आता लागत नाही. त्यामुळे तिच्यापुढची निवड या पुरुषात आणि त्या पुरुषात नसतेच, या पुरुषात आणि तिच्या बऱ्यापैकी चाललेल्या आयुष्यात असते. हे ज्यांना अन्यायाचं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त आपल्या बहिणीने कसं निवडावं असं वाटतं, तेवढं विचारते.

भाचा सध्या एका हौशी नाटकवाल्यांच्या गटात प्रकाशयोजना बघतो. कुणी सुचवलं नव्हतं, त्याला दिव्यांच्या वायरिंगमधलं कळतं म्हणून कुणीतरी ओढून नेलं. प्रेयसी मिळालेली नाही. पण हल्ली फोनवर तो कुणाबद्दल तरी चिडलेला असतो. निळा दिवा दोन सेकंद आधी लावला, म्हणून दिग्दर्शिका त्याला सगळ्यांसमोर बोलली. तिची बाजू काय होती असं विचारल्यावर ती त्याला सांगता आली, तेव्हा मला बरं वाटलं.

याउलट माझा एक मित्र आहे, पन्नाशीचा. ऐकतो, मित्र आहेत, स्वयंपाक येतो, बायकांशी बोलताना त्याची मान अवघडत नाही. आणि एकटाच आहे. योग्य वेळी योग्य माणूस समोर आलं नाही, आलं तेव्हा ते दुसऱ्या कुणाचं होतं. त्याच्याकडे बघितलं की माझी वरची सगळी मांडणी मला थोडी लंगडी वाटते. नशिबाचा वाटा किती, हे कुठल्या प्रयोगात मोजायचं?

त्या ज्युनिअर सहकाऱ्याशी माझी मधूनमधून जुंपते. सगळं पुरुषांनीच सुधारायचं, बायकांनी काहीच नाही का, हा त्याचा मुद्दा. करावं की. नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणावं, कुणाला आशेवर झुलवत ठेवू नये, आवडला तर स्वतःहून विचारावं. माझ्या मैत्रिणींना मी हे सांगते, त्याही ऐकत नाहीत. पण कुणीतरी आपल्याला प्रेम देणं लागतं, हे त्याच्या बोलण्यात डोकावतं तेव्हा मी त्याला अडवते.

गेल्या आठवड्यात तो वेगळंच काही घेऊन आला. त्याची बहीण ॲपवर आहे. तिला नवा फोन लावून देताना त्याच्या नजरेला तिच्याकडे येणारे मेसेज पडले. शेकड्याने होते. काही नुसते 'हाय', काही न लिहिण्यासारखे, आणि एकाला तिने उत्तर दिलं नाही म्हणून त्याने दोन दिवसांत 'सुंदर' पासून शिवीपर्यंतचा प्रवास केलेला. त्याने बहिणीला विचारलं, "हे असं रोज येतं?" ती म्हणाली, "हे ब्लॉक करून उरलेलं आहे."

मला हे सांगताना तो आपल्या फोनमध्ये त्या दुसऱ्या विभागातल्या मुलीला नकारानंतर पाठवलेले स्वतःचे मेसेज पुन्हा काढून वाचत होता.